लग्न मोडायची मुभा कुणाला?

आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडकडून आली, हे स्पर्धा परीक्षेसाठी आपण पाठ करतो. त्याच १९३७ च्या आयरिश घटनेच्या कलम ४१ ने घटस्फोटावर बंदी घातली होती, हे कोण सांगते?

कॅथलिक चर्चच्या मते विवाह हा संस्कार, तो माणसाने मोडायचा नाही. मारकुट्या नवऱ्याजवळच राहा, असे मात्र चर्च म्हणत नाही. हेही प्रामाणिकपणे नोंदवू. १९८३ च्या धर्मसंहितेचे कलम ११५३ मनाला किंवा शरीराला गंभीर धोका असल्यास वेगळे राहू देते. पण बंधन कायम! १९७६ पासून आयरिश न्यायालय अशा नवऱ्याला घराबाहेर काढू शके, लग्न मोडू शकत नसे. १९८६ च्या जनमतात बंदी टिकली. १९९५ मध्ये अवघ्या ९,११४ मतांच्या फरकाने ती उठवण्याचा कौल मिळाला.

'विवाह संस्कार आहे' हेच हिंदू कोड बिलाचे विरोधकही म्हणत. बाबासाहेबांनी सभागृहात सुनावले, की बहुसंख्य असलेल्या शूद्रांत काडीमोडाची रूढी आहेच. बिल रखडले. १९५१ च्या त्यांच्या राजीनाम्याचे ते एक मोठे कारण. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात (आपल्या बौद्ध भगिनींनाही तोच लागू आहे) घटस्फोट आला. आयरिश बाई आणखी चाळीस वर्षे थांबली.