तीन पंचमांश माणसे आणि एक सत्तांतर

१८०१ साली अमेरिकेत सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे रक्त न सांडता गेली, हे आपल्याला कौतुकाने शिकवले जाते. गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे.

त्या वेळच्या घटनेत पक्षांना जागाच नव्हती. सर्वाधिक मते मिळवणारा राष्ट्राध्यक्ष आणि दुसरा आलेला उपराष्ट्राध्यक्ष. म्हणून १७९६ मध्ये फेडरलिस्ट पक्षाचे जॉन अॅडम्स (७१ मते) राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन (६८) त्यांचेच उपराष्ट्राध्यक्ष! १७९८ मध्ये फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांची बदनामी गुन्हा ठरली. उपराष्ट्राध्यक्षाचे नाव मात्र यादीतून गायब. जेफरसनना हव्या तेवढ्या शिव्या द्या, कायद्याची हरकत नाही. व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन यांना चार महिने तुरुंगात टाकले, तर मतदारांनी त्यांना तुरुंगातूनच पुन्हा निवडून दिले.

१८०० च्या निवडणुकीत अॅडम्स ६५ वर थांबले. जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे अॅरन बर यांना मात्र प्रत्येकी ७३ मते पडली. निकाल प्रतिनिधीगृहाकडे गेला आणि तिथे तब्बल ३६ वेळा मतदान झाले. पक्षाचे कट्टर वैर असूनही फेडरलिस्ट हॅमिल्टन यांनी बरपेक्षा जेफरसन बरे, असा आग्रह धरला. ४ मार्च १८०१ रोजी जेफरसन यांचा शपथविधी झाला. अॅडम्स पहाटेच गाव सोडून निघून गेले होते.

आता उरलेली अर्धी गोष्ट. घटनेनुसार राज्याची लोकसंख्या मोजताना गुलाम तीन पंचमांश धरला जाई, आणि त्याच हिशेबाने राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्यांची संख्या ठरे. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जास्त मते! ही जादा मते वगळली असती तर अॅडम्सच जिंकले असते, असे अनेक इतिहासकार मानतात. आम्ही अॅडम्सचे वकील नाही. पण 'सर्व माणसे समान' असे लिहिणारे जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते, हे लपवायचे कशाला? बाबासाहेबांनी संविधान सभेत जेफरसनच्या विचाराचा आधार घेतला. विचार घेणे वेगळे आणि माणसाची आरती ओवाळणे वेगळे.

१८०४ मध्ये बाराव्या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांसाठी वेगळे मतदान आले. पक्षांची अडचण चार वर्षांत सुटली. तीन पंचमांशाच्या कलमाला कोणी हात लावला नाही. त्यासाठी यादवी युद्ध आणि १८६५ची गुलामगिरीबंदी यावी लागली. ती घडवणाऱ्या अमेरिकन लोकांनाच जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली.