गलबत आणि चुंबळ

गलबत म्हटले की आमच्या क्रमिक पुस्तकांना कान्होजी आंग्रे आठवतात. लढाऊ गलबतांचा इतिहास लिहिला गेला. मालवाहू गलबतांच्या वाट्याला चार ओळीही आल्या नाहीत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पुढे किनाऱ्यावरची घरे ज्या लाल कौलांनी शाकारली गेली, ती फत्तेमाऱ्यांच्या नि मचव्यांच्या पोटातून आली. मुंबईच्या कौला बंदराचे नाव या मालावरूनच पडले.

गलबताचे वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू होई. पहाटेचा मतलई वारा धरून बाहेर पडायचे, दुपारच्या समुद्रवाऱ्यावर किनारा गाठायचा. पावसाळ्याआधी ते वर ओढून झावळ्यांनी झाकीत. फळ्यांच्या सांधीत कापूस ठासीत, बुडाला चुना नि चरबी चोपडीत. तांडेल नि खलाशी बहुधा खारवी, भंडारी, गाबीत किंवा मुसलमान. पण ओहोटीला खाडीच्या चिखलात गलबत बसले की पुढचे काम कोणाचे?

माझ्या आजाचे, नि आमच्या वाड्यातल्या माणसांचे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दहाबारा कौले. एक कौल सुमारे अडीच किलोचे. गुडघाभर चिखलातून दिवसभर खेपा. तहान लागली तर गलबतावरचे पाणी वरून ओंजळीत ओतले जाई. पिंपाला हात लावायचा नाही. त्याच हातांनी उतरवलेली कौले देवळावर चढत, भटाच्या ओटीवर चढत. त्यांना विटाळ होत नसे! कौल विकत घेतलेले असते आणि पाणी फुकट असते, एवढाच काय तो धर्मशास्त्राचा भेद मला दिसतो.

१८३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या गलबतांवर नाव नि नंबर रंगवणे सक्तीचे झाले. १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्याने शिडाच्या जहाजांवरील खलाशांची नोंद ठेवायला लावली. चिखलातला माणूस दोन्हींत नाही. माथाडी कायदा १९६९ चा. तोवर आजाची मान कायमची वाकली होती.

पुढे मचव्यांवर यंत्रे बसली, कौले ट्रकने येऊ लागली.

उतरवताना फुटलेल्या कौलांचे पैसे व्यापारी मजुरीतून कापून घेई. मग ती कौले आपलीच, म्हणून आजा ती घरी आणी. आमचे छप्पर पेंढ्याचे होते, पण न्हाणीचा ओटा मंगलोरी कौलांचा. त्यांवरच्या उठावाच्या इंग्रजी अक्षरांवर तो रोज पाय घाशी. ती अक्षरे काय आहेत हे मी पाचवीत गेल्यावर त्याला वाचून दाखवले.