महाराष्ट्रातील पाणलोट क्षेत्र विकास आणि जमिनीची उत्पादकता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील बहुतांश शेती कोरडवाहू आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस मुळातच अल्प पडतो आणि जो पडतो तो थोड्या दिवसांत कोसळून सुपीक माती वाहून नेतो. हे पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने अडवून जमिनीत मुरविणे, हे पाणलोट क्षेत्र विकासाचे मूळ सूत्र होय. या कार्यक्रमांमुळे जमिनीची उत्पादकता वाढली काय आणि वाढली असल्यास ती कोणत्या परिस्थितीत टिकली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ऐतिहासिक क्रमाने करण्यात आला आहे.

बांधबंदिस्तीचा कालखंड :
पाणी व माती अडविण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, सरकारने ठिकठिकाणी बांध घालून पावसाचे पाणी शेतांत मुरवावे, अशी सूचना केली होती. शासकीय पातळीवर १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. तथापि समपातळीत घातलेले हे बांध शेताच्या हद्दी ओलांडून जात. खोल काळ्या जमिनीत त्यांच्यामागे पाणी साचून पिके खराब होत, अथवा बांधच फुटत. त्यामुळे अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनीच ते मोडून टाकले. तंत्र शेतकऱ्याच्या सोयीशी जुळले नाही, तर ते टिकत नाही, हा या कालखंडाचा पहिला धडा होता.

दुष्काळ आणि नवे प्रयोग :
१९७२ च्या दुष्काळाने या विचाराला वेगळे वळण दिले. दुष्काळी कामांतून आणि पुढे रोजगार हमी योजनेतून पाझर तलाव व नालाबांध मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. परंतु कामामागील मुख्य हेतू मजुरी पुरविण्याचा असल्याने साठलेल्या पाण्याचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी शोधले. १९७४ मध्ये आकारास आलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्राशी न जोडता कुटुंबातील माणसांशी जोडला. दर माणशी अर्धा एकर, व कुटुंबास अधिकाधिक अडीच एकर भिजेल एवढेच पाणी देण्याचे ठरले. भूमिहीनांचाही त्यात वाटा मानला गेला आणि उसासारखे पाणीखाऊ पीक वर्ज्य ठरले.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली पाणी अडविण्याच्या कामास श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांची जोड मिळाली. हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात १९९० च्या दशकात याच मार्गाने काम झाले. शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास तेथे मज्जाव करण्यात आला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची पद्धत रूढ झाली. या गावांत विहिरींची पातळी सुधारली, रब्बीचे क्षेत्र वाढले आणि चारा वाढल्याने दुग्धव्यवसायास बळ मिळाले.

मूल्यमापनाचे निष्कर्ष :
निवडक आदर्श गावांवरून सार्वत्रिक अनुमान काढणे धोक्याचे असते. म्हणून व्यापक अभ्यासांकडे वळणे आवश्यक ठरते. देशातील ३११ पाणलोट क्षेत्रांच्या अभ्यासांचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले एकत्रित विश्लेषण सांगते की, सरासरी लाभ-व्यय गुणोत्तर २.१४ होते. याउलट महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील ८६ गावांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सावध करणारा आहे. लोकसहभागावर भर देणारे प्रकल्प केवळ तांत्रिक स्वरूपाच्या प्रकल्पांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात आढळले. त्याचबरोबर गायराने बंद झाल्याने मेंढपाळ व भूमिहीन यांच्यावर भार पडल्याचेही दिसून आले. सरासरी उत्पादकता वाढली तरी लाभ व झीज एकाच घरी जात नाहीत, ही बाब सरासरीच्या आकड्यात दडून राहते.

२०१४ नंतर राबविल्या गेलेल्या जलयुक्त शिवार अभियानाचा अनुभवही बोलका आहे. नाला खोलीकरण व रुंदीकरणाची कामे वेगाने झाली. तथापि भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालाने, ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढविण्यात या अभियानाचा परिणाम अल्प राहिल्याचे नोंदविले.

कारणमीमांसा :
दख्खनच्या बेसाल्ट खडकाची पाणी साठविण्याची क्षमता मर्यादित आहे. मुरलेले पाणी मुख्यतः खडकाच्या झिजलेल्या व भेगाळलेल्या थरांत राहते आणि शेजारच्या विहिरींतून लवकर उपसले जाते. उपशावर बंधन नसेल, तर सर्वांच्या रानात मुरलेले पाणी ज्याच्याकडे खोल विहीर व मोटार आहे त्याच्या उसाला मिळते. शिवारात एकूण उत्पन्न वाढलेले दिसते. मात्र पुढील अवर्षणात उथळ विहिरी प्रथम कोरड्या पडतात आणि त्या बहुधा लहान शेतकऱ्यांच्याच असतात.

समारोप :
पाणलोट क्षेत्र विकासाने जमिनीची उत्पादकता वाढते, हे विधान इतिहासाच्या कसोटीवर अंशतः खरे ठरते. बांध व चर यांमुळे ओल वाढते आणि दुसऱ्या पिकाची शक्यता निर्माण होते. ती टिकते मात्र पीकनिवड, उपसा व चराई यांविषयीचे नियम गावाने पाळले तरच. म्हणून यशाचे मोजमाप चांगल्या पावसाच्या वर्षी न करता लागोपाठच्या दोन अवर्षणांनंतर करणे आणि त्यात हेक्टरी उत्पादनाबरोबरच भूमिहीन व मेंढपाळ यांच्या स्थितीचाही हिशेब धरणे उचित होईल. नायगावने १९७४ मध्ये मांडलेला पाण्याच्या वाटपाचा प्रश्न टाळून केलेला खर्च यापुढेही अपुरेच फळ देईल.