मुलांचं ॲसिड रिफ्लक्सचं ऑपरेशन पुन्हा का करावं लागतं?

बहुतेक बाळं दूध प्यायल्यावर थोडं बाहेर काढतात. वर्ष-दीड वर्षात हा त्रास आपोआप थांबतो. पण काही मुलांच्या जठरातलं आम्ल सतत अन्ननलिकेत चढतं. वजन वाढत नाही, अन्ननलिकेला आतून जखमा होतात, दूध श्वासनलिकेत जाऊन वारंवार न्यूमोनिया होतो. औषधांनी भागलं नाही, तर काही मुलांवर 'फंडोप्लिकेशन' ही शस्त्रक्रिया केली जाते.

शस्त्रक्रियेत काय करतात?

जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालतात. त्यामुळे अन्न खाली जातं, पण सहजासहजी वर येत नाही. सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली ही पद्धत मांडली.

त्रास परत का होतो?

ही गुंडाळी सैल होते किंवा सरकून छातीत जाते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा जन्मतः अन्ननलिका अपूर्ण असलेल्या मुलांमध्ये हा धोका जास्त असतो. सतत उमासे आणि खोकला आल्यानंही टाक्यांवर ताण येतो.

लगेच दुसरं ऑपरेशन करतात का?

नाही. आधी बेरियम एक्स-रे, एंडोस्कोपी आणि गरजेनुसार २४ तासांची पीएच-इम्पिडन्स तपासणी करतात. गुंडाळी जागेवर असेल, तर कारण वेगळं असू शकतं. उदाहरणार्थ, दुधाची ॲलर्जी किंवा जठर हळूहळू रिकामं होणं. तेव्हा पुन्हा ऑपरेशन करून उपयोग होत नाही.

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सोडवताना इजा होऊ शकते. म्हणून काही मुलांना थेट लहान आतड्यात नळी टाकून दूध देण्याचा पर्यायही विचारात घेतात.

ठाकुर्लीतल्या पालकांनी कुठे जावं?

परळचं वाडिया रुग्णालय, केईएम आणि सायन रुग्णालयात मुलांच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग आहे. ठाकुर्लीहून परळ आणि सायनला स्लो लोकलनं थेट जाता येतं. जाताना पहिल्या ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि जुने एक्स-रे सोबत न्यावेत. पहिल्या वेळी नेमकं काय केलं होतं, हे त्यावरूनच कळतं.

हे लक्षात ठेवा

ऑपरेशन झालेल्या काही मुलांना उलटी करताच येत नाही. पोट फुगलं आणि नुसतेच कोरडे उमासे येत असतील किंवा हिरवी उलटी झाली, तर आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी ओपीडीची वाट न पाहता मुलाला तातडीनं रुग्णालयात न्यावं आणि हे ऑपरेशन झालं असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं.