जुन्या कपड्याची पत

पॉल प्वारे या पॅरिसच्या शिंप्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बायकांच्या पोशाखातून कॉर्सेट हद्दपार केला आणि युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत घरांवर राज्य केले. १९२९ मध्ये त्याची पेढी बंद पडली, तेव्हा उरलेला माल चिंध्यांच्या भावाने, वजनावर विकला गेला. २००५ मध्ये पॅरिसमध्येच त्याच्या पत्नीने, दनीझने, जपून ठेवलेल्या कपड्यांचा लिलाव झाला. त्यात १९१४ च्या एका मोटारकोटाला लाखाहून अधिक युरो मिळाले, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने या लिलावात केलेल्या खरेदीतून २००७ चे प्वारे-प्रदर्शन उभे राहिले. शिंपी तोच, रेशीम तेच, आत शिवलेली नावाची पट्टीही तीच. मग पंचाहत्तर वर्षांत बदलले काय? काळाने मोल वाढते हे उत्तर पुरेसे नाही, कारण जुन्या झालेल्या बहुतेक कपड्यांचे मोल शून्यावर येते. मोठ्या नावाचे मोल होते म्हणावे, तर ते नाव १९२९ मध्येही होते आणि उपयोगी पडले नाही. माझे म्हणणे असे, की जुन्या कपड्याची पत ठरते ती त्याच्याविषयी खात्रीने बोलू शकणाऱ्या माणसांमुळे आणि संस्थांमुळे. ‘व्हिंटेज’ कपड्यांच्या व्यापाराचा इतिहास म्हणजे ही खात्री हळूहळू कशी उभी राहिली, याचा इतिहास आहे.

एके काळी अशा खात्रीची गरजच नव्हती. यंत्रमाग येण्यापूर्वी कापड इतके महाग होते की अंगावरचा कपडा हीच घरातली मोठी चीजवस्तू असे. युरोपात मृत्युपत्रांत अंगरखे आणि झगे नावानिशी वाटून दिलेले आढळतात, आणि लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या अठराव्या शतकातल्या नोंदींत कपड्यांच्या चोऱ्या पानोपानी भेटतात. चोरलेला कपडा सहज खपे, म्हणून तर तो चोरीला जाई. लंडनमध्ये टॉवरजवळच्या रोझमेरी लेनवर ‘रॅग फेअर’ भरे आणि पेटिकोट लेनचा बाजार तर आजही त्याच नावाने ओळखला जातो. पॅरिसमध्ये जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांचा स्वतःचा संघ होता, फ्लॉरेन्समध्येही होता. व्हेनिसमध्ये घेट्टोतल्या ज्यूंना ज्या मोजक्या धंद्यांची मुभा होती, त्यांत हा एक. माल वरून खाली झिरपत असे. मारी आंत्वानेतचे वापरून झालेले पोशाख तिच्या सेवेतल्या स्त्रियांचा हक्काचा मेहनताना मानले जात आणि त्यातले पुष्कळसे पुढे बाजारात येत. पॅरिसच्या तांप्ल बाजारात चार चौक होते. त्यातल्या झोकदार मालाच्या चौकाचे नाव पाले-रोयाल, जुन्या पादत्राणांच्या चौकाचे ‘काळे रान’. या साऱ्या व्यवहारात विचारला जाणारा प्रश्न एकच: कापड किती आणि कसले? शिवले कोणी, हे कोणी विचारत नसे. आपल्याकडेही जुन्या साडीचा हिशोब असाच होता. जरीची साडी विरली की पदर-काठ कापून सराफाकडे जायचे. तो जर जाळून चांदी काढायचा आणि वजनाने पैसे द्यायचा. साधी लुगडी बोहारणीच्या हवाली होऊन भांडी यायची, नाहीतर गोधडीत जायची. मोल धातूचे आणि सुताचे होते. विणकराचे नाव त्या हिशोबात कुठेच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात हा पाया खचला. गिरण्यांनी कापड स्वस्त केले, १८५० नंतर शिवणयंत्राने शिलाई स्वस्त केली आणि तयार कपड्यांची दुकाने उघडली. नवा कपडा आवाक्यात आल्यावर जुना कपडा घेणे ही गरिबीची कबुली ठरू लागली. रोगजंतूंचे ज्ञान पसरले तशी दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्याची भीतीही पसरली, आणि हा धंदा ज्यूंच्या हातात असल्यामुळे त्यांच्याविषयीचा द्वेष त्या भीतीत मिसळला. उरलेसुरले काम धर्मादायाने केले. बॉस्टनमध्ये १९०२ मध्ये एडगर हेल्म्स या पाद्र्याने ‘गुडविल’ सुरू केले. दान आलेले कपडे गरजूंकडून दुरुस्त करून घ्यायचे आणि स्वस्तात विकायचे. हेतू चांगला होता, पण जुन्या कपड्यावर दानाचा शिक्का बसला. जो माल एके काळी मृत्युपत्रात लिहिला जाई, तो आता चर्चच्या तळघरात ढिगाने पडू लागला.

याच काळात पॅरिसमध्ये एक गोष्ट घडली, जिचा जुन्या कपड्यांशी तेव्हा काही संबंध दिसत नव्हता. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज शिंप्याने १८५८ मध्ये ऱ्यु द ला पे या रस्त्यावर पेढी थाटली, आणि पुढच्या दशकात तो आपल्या पोशाखांच्या कमरपट्टीत आतून स्वतःचे नाव विणलेली पट्टी शिवू लागला. चित्रकाराने चित्रावर सही करावी तसा हा प्रकार होता. नकला मात्र थांबल्या नाहीत. प्वारे १९१३ मध्ये अमेरिकेला गेला तेव्हा त्याला तिथल्या दुकानांत आपल्या नावाच्या खोट्या पट्ट्या शिवलेले कपडे विकायला ठेवलेले दिसले. मादलेन व्हिओने त्याच्या पुढे गेली. १९२० च्या दशकात तिच्या पेढीतून बाहेर पडणाऱ्या पोशाखाच्या पट्टीवर तिची सही असे आणि शेजारी तिच्या अंगठ्याचा ठसा. मोठ्या पेढ्या ग्राहकाच्या मापाने शिवलेल्या कपड्यात आत फीत लावून तिच्यावर हाताने क्रमांक लिहीत. तो पेढीच्या वहीतल्या नोंदीशी जुळे. ही सारी धडपड नव्या मालाची नक्कल रोखण्यासाठी होती. पन्नास-शंभर वर्षांनी हीच फीत आणि हाच ठसा जुन्या कपड्याचा दाखला होईल, हे त्यांच्या मनातही नसावे.

दाखला होता, पण तो वाचणारे दुकान नव्हते. ते न्यूयॉर्कमध्ये आले. १९५४ मध्ये मॅडिसन अव्हेन्यूवर ‘एन्कोर’ नावाचे दुकान सुरू झाले. व्यवहार सोपा होता. श्रीमंत बाई हंगामात दोनचारदा घातलेला पोशाख दुकानात ठेवून जाई, मालकी तिचीच राही; विकला गेला तर दुकान आपला हिस्सा कापून बाकी तिला देई, नाही गेला तर परत. आपल्या बाजारपेठेतल्या जांगड व्यवहाराची आठवण करून देणारी ही पद्धत तीन अडचणी एकदम सोडवत होती. दुकानाला भांडवल गुंतवावे लागत नव्हते, विकणारीला पडत्या भावात माल देऊन टाकावा लागत नव्हता, आणि घेणारीला दुकानदाराची निवड हीच हमी होती, कारण न खपणारा किंवा खोटा माल ठेवण्यात दुकानाचाच तोटा होता. शिवाय विकणारीचे नाव गुप्त राही. व्हाइट हाउसमध्ये असताना जॅकलिन केनेडी आपले कपडे एन्कोरला पाठवत आणि खात्यावर नाव असे त्यांच्या सेक्रेटरीचे, मेरी गॅलघर यांचे; ही हकीकत गॅलघरबाईंनीच १९६९ मध्ये पुस्तकात लिहिली. ही गुप्तता बोलकी आहे. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचा पोशाख तेव्हा तिच्या नावामुळे महाग विकता आला असता, पण नाव लपवूनच विकावा लागला. कपड्याची पारख सुरू झाली होती. लाज अजून गेली नव्हती.

ती गेली १९७० च्या आसपास, आणि एका मोठ्या गदारोळानंतर. साठच्या दशकात लंडनची तरुण मुले पोर्टोबेलो रोडवर आजीच्या काळचे झगे आणि लष्करी कोट शोधू लागली होती. पॅरिसमध्ये जानेवारी १९७१ मध्ये ईव्ह सँ लोराँ या फॅशनकाराने चाळीसच्या दशकाची आठवण देणारे कपडे मंचावर आणले. जुन्या बाजारातले कपडे घालणारी पालोमा पिकासो ही त्यामागची प्रेरणा होती. ज्यांनी जर्मन ताब्यातले पॅरिस पाहिले होते, त्या समीक्षकांनी टीकेची झोड उठवली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात छायाचित्रकार सेसिल बीटनने उभे केलेले फॅशनचे प्रदर्शन उघडले. बीटनने ओळखीच्या खानदानी बायकांची कपाटे धुंडाळून मोठ्या शिंप्यांचे कपडे मागून आणले होते. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये डायना व्रीलंडने बालेन्सियागा या फॅशनकाराच्या कपड्यांचे प्रदर्शन भरवले. संग्रहालयाने जो पोशाख काचेआड ठेवला, त्याच्यासारखाच दुसरा कपाटात असणाऱ्या बाईला तो आता उतरलेला वाटेना. आणि संग्रहालयाने केवळ मान दिला नाही, भाषाही दिली: हंगाम, वर्ष, कट, कारागीर, देणगीदार यांच्या नोंदी ठेवण्याची शिस्त.

ही शिस्त दुकानापर्यंत पोचली, तेव्हा खरा व्यापार उभा राहिला. अमेरिकेत जुना झगा हाती आला की जाणकार आधी तो उलटा करतो. बाजूच्या शिवणीत धातूची चेन असेल, तर झगा बहुधा साठच्या दशकाच्या मध्यापूर्वीचा. महिला वस्त्रकामगारांच्या संघटनेची छोटी पट्टी सापडली तर आणखी जवळ जाता येते, कारण १९५५, १९६३ आणि १९७४ या वर्षांत तिचे रूप बदलले. धुण्याच्या सूचनांची पट्टी असेल तर कपडा बहुतेक १९७२ नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकी कायद्याने ती सक्तीची केली. यातली एकही खूण कपड्याला सुंदर करत नाही. कामगारांनी आपल्या हक्कासाठी लावलेली आणि सरकारने ग्राहकासाठी लावायला लावलेली पट्टी मिळून त्या कपड्याचे जन्मवर्ष सांगते, आणि त्या वर्षावर भाव ठरतो.

यावर पहिला आक्षेप असा, की भाव ठरतो तो वापरणाऱ्याच्या प्रसिद्धीवर. बाकी सारी पारख नाममात्र. जून १९९७ मध्ये प्रिन्सेस डायनाचे ७९ पोशाख न्यूयॉर्कला लिलावात निघाले, एकूण बत्तीस लाख डॉलरच्या वर गेले, आणि अभिनेता जॉन ट्रव्होल्टाबरोबरच्या नाचात घातलेल्या एका निळ्या मखमली पोशाखाला २,२२,५०० डॉलर मिळाले. अभिनेत्री जेन बर्किनसाठी बनवलेली मूळ एर्मेस बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसमध्ये ८५ लाख युरोहून अधिक किमतीला गेली. हे खरे आहे, पण त्यातून माझा मुद्दा पक्काच होतो. डायनाचा पोशाख आणि तसाच दुसरा पोशाख यांत डोळ्याला दिसणारा फरक नसतो; फरक असतो तो छायाचित्रांचा, लिलावघराच्या यादीचा, हातोहात आलेल्या मालकीच्या साखळीचा. पुरावा तुटला की प्रसिद्धी त्या कपड्यापासून सुटते. जॅकलिनबाईंचे जे पोशाख परक्या नावाने विकले गेले, त्यांची ओळख तिथेच पुसली गेली.

दुसरा आक्षेप आजच्या मनाला जास्त पटणारा आहे: लोक जुने घेतात ते पृथ्वीच्या काळजीने. ही काळजी खरी आहे आणि रास्तही. पण ती व्हिंटेजच्या प्रतिष्ठेचे कारण असती, तर सगळ्याच जुन्या कपड्यांची पत वाढायला हवी होती. झाले उलटे. पाश्चात्त्य देशांचे जुने कपडे गाठोड्यांनी घानाच्या कान्तामान्तो बाजारात जातात, आपल्याकडे कांडल्याला येऊन निवडले जातात आणि त्यातल्या लोकरीचा पानिपतला फाडून पुन्हा धागा होतो. तिथे मोल अजून वजनाचेच आहे. खरा पुनर्वापर तिथे सर्वात जास्त होतो आणि प्रतिष्ठा सर्वात कमी मिळते. दोन्ही प्रवाहांत कपडा जुनाच. एकात त्याची गोष्ट सोबत येते, दुसऱ्यात ती वाटेत गळून पडते.

खात्री हाच खरा माल आहे, याची साक्ष आता न्यायालयेही देत आहेत. पॅरिसच्या व्हेस्तिएर कलेक्तिव्हने २००९ मध्ये आणि अमेरिकेच्या रिअलरिअलने २०११ मध्ये हा व्यापार इंटरनेटवर नेला, तेव्हा त्यांच्या जाहिरातीचा गाभा अस्सलपणाची तपासणी हाच होता. २०१८ मध्ये शॅनेलने रिअलरिअलवर आणि ‘व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड’ या न्यूयॉर्कच्या दुकानावर दावे लावले. शॅनेलचा माल अस्सल आहे असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. दुसऱ्या दाव्यात २०२४ मध्ये ज्युरीने शॅनेलच्या बाजूने चाळीस लाख डॉलरची भरपाई ठरवली. खोटा माल विकणाऱ्याला शिक्षा व्हावीच. पण खात्री देण्याचा मक्ता केवळ मूळ कंपनीकडे जाऊ नये असे मला ठामपणे वाटते. १९२९ मध्ये पेढी बुडाली तेव्हा प्वारेचे नाव पेढीने राखले नाही. ते राखले घर सोडून गेलेल्या पत्नीने, तिच्या वारसांनी आणि पुढे संग्रहालयांनी. अनेक हातांत असलेले ज्ञानच टिकते.

उरतो शेवटचा आक्षेप: हे श्रीमंतांचे खेळ, आपल्याला त्याचे काय? आपल्याला त्याचे खूप काही आहे. जुन्या पैठण्या आज पुन्हा शोधल्या जात आहेत आणि त्यांना चांगला भाव येतो, पण त्या कोणत्या गावात, कोणत्या मागावर, कोणत्या दशकात आणि कोणाच्या हाताने विणल्या गेल्या, हे सांगणारे फारसे काही हाती नसते. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्यांची चांदी मोजली, त्यामुळे चांदीपलीकडचे जे होते ते सराफाच्या मुशीत गेले. येवल्या-पैठणच्या विणकराचे कसब व्हिओनेच्या शिंपिणींपेक्षा कमी नव्हते; कमी होती ती नोंद. ती आजही करता येते. संग्रहालयांनी साड्यांच्या तारखा आणि गावे लिहावीत, विणकरांनी आपल्या मालात नावाची खूण विणावी, दुकानदारांनी विकत घेताना मूळ मालकिणीला चार प्रश्न विचारून उत्तरे पावतीवर उतरवावीत, आणि घरांनी लग्नातल्या साडीबरोबर तिची खरेदीची पावती आणि फोटो ठेवावा. ही कामे खर्चाची नाहीत. ती झाली तर पुढच्या पिढीला जुन्या साडीसाठी तराजूखेरीज दुसरे मोजमाप मिळेल, आणि त्या मोजमापात विणणाऱ्याचा वाटा पहिल्यांदा धरला जाईल.