बावनगजा (शब्द)

बावनगजा हा मध्य प्रदेशातील बडवानीजवळ चूलगिरी डोंगरात कोरलेल्या महाकाय जैन मूर्तीसाठी रूढ झालेला शब्द आहे. मूर्तीवरून तेथील तीर्थक्षेत्रही याच नावाने ओळखले जाते. हे स्थान सातपुड्यात, खानदेशच्या उत्तर सीमेपलीकडे असून धुळ्याहून शिरपूर व सेंधव्यामार्गे तेथे जाता येते.

अर्थ

‘बावन’ (बावन्न) आणि ‘गज’ (लांबीचे जुने माप) मिळून ‘बावन्न गज उंचीचा’ असा शब्दशः अर्थ होतो. मूर्तीची उंची मात्र ८४ फूट (सुमारे २५.६ मीटर) आहे. तीन फुटांचा गज धरल्यास बावन्न गजांचे १५६ फूट होतात. दीड फुटाचा हात धरल्यास बावन्न हातांचे ७८ फूट होतात व ते प्रत्यक्ष उंचीच्या जवळ येतात. म्हणून या नावावरून आजच्या गजाने मूर्तीची उंची काढता येत नाही.

मूर्ती

ही मूर्ती पहिले तीर्थंकर ऋषभनाथ (आदिनाथ) यांची असून ती कायोत्सर्ग मुद्रेत उभी आहे. ती डोंगराच्या अखंड कातळातून कोरलेली असून साधारणपणे १२व्या शतकातील मानली जाते.

अन्य शब्द

मराठीत पूजनीय प्रतिमेस ‘मूर्ती’, तर स्मारक म्हणून उभारलेल्या प्रतिमेस ‘पुतळा’ म्हणतात. प्रचंड आकार दाखवण्यासाठी ‘महाकाय’, ‘भव्य’ ही विशेषणे जोडतात. ग्रीक भाषेतील ‘कोलोसॉस’ या शब्दात मुळात आकाराचा निर्देश नव्हता. हिरोडोटसने तो इजिप्तमधील प्रचंड पुतळ्यांसाठी वापरला, पुढे इ.स.पू. ३ऱ्या शतकात ऱ्होड्स बेटावर उभारलेल्या, सुमारे ३३ मीटर उंच कांस्यपुतळ्यामुळे विशालतेचा अर्थ त्याला कायमचा जडला. याउलट ‘बावनगजा’ या शब्दात उंचीचा निर्देश मुळातच आहे.

खानदेशाभोवतीच्या महाकाय प्रतिमा

धुळे जिल्ह्यालगतच्या बागलाण तालुक्यात (नाशिक जिल्हा) मांगीतुंगी येथे ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची पाषाणमूर्ती २०१६ मध्ये पूर्ण झाली. नंदुरबारलगतच्या गुजरातमधील नर्मदा जिल्ह्यात केवडिया येथे सरदार वल्लभभाई पटेल यांचा १८२ मीटर उंच पुतळा आहे. त्याचे अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. वरील भेदानुसार मांगीतुंगीची प्रतिमा ‘मूर्ती’ आणि केवडियाची ‘पुतळा’ ठरते.