दान आधी की डाव आधी?

बुद्धिबळ हा निव्वळ बुद्धीचा खेळ आणि द्यूत हा निव्वळ दैवाचा, ही विभागणी आपल्याकडे इतकी रूढ आहे की, बुद्धिबळाच्या पटावर एके काळी फासे पडत असत हे ऐकून अनेकांस नवल वाटेल. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बीरूनीने आपल्या भारतवर्णनात चौघांनी खेळावयाच्या बुद्धिबळाची हकीकत दिली आहे. त्यात फाशांची जोडी असे. एक पडल्यास राजा अथवा प्यादे हलवावयाचे, तीन पडल्यास घोडा, चार पडल्यास हत्ती. पाच पडले तर ते एक धरीत आणि सहा पडले तर चार.

येथे दैवाचे स्थान कोणते, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. कोणते मोहरे हलावयाचे ते फासा सांगे. ते कोठे न्यावयाचे हे खेळणाऱ्याच्या हाती राही. आणि एकदा मोहऱ्यावर चाल केली की मार निश्चित. आपल्या सारीपाटातही दान आधी पडते व डाव मागाहून योजावा लागतो. हाती आले त्याचे चीज करणे, हे या खेळांतील कौशल्य.

युरोपात लढाईचे खेळ रचणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. ब्रुन्सविकच्या हेलविग या गणितज्ञाने १७८० मध्ये १६१७ घरांचा प्रचंड पट मांडला, परंतु त्याचा पाया बुद्धिबळाचाच होता. खरा पालट केला तो प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्स या तरुण अधिकाऱ्याने, १८२४ मध्ये. त्याने घरे पुसून टाकली आणि १ : ८००० प्रमाणाचा नकाशा पसरला. दोन मिनिटांची एक खेळी. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम पंचाकडे द्यावयाचे, आणि मग पंचाने फासा टाकावयाचा. तोही सरसकट एकच नव्हे. बलाबल समान असेल तर एक फासा, तिनास दोन असे असेल तर दुसरा. गोळीबाराची हानी ठरविताना प्रत्यक्ष चाचण्यांतील आकड्यांचा आधार घेतलेला होता.

म्हणजे येथे निर्णय आधी आणि दैव मागाहून. अधिक फौज योग्य जागी आणणाऱ्याच्या बाजूने फासा झुके, पण शब्द मात्र देत नसे. उत्तम बेत फसू शकतो व मूर्खपणाही कधी तरून जातो, हे सेनाधिकाऱ्यास पटावरच कळावे, यातच या रचनेचे मोल आहे. निकालावरून बेताची पारख करण्याची खोड तिने मोडते. सारीपाटातील चातुर्य थोर खरे. पण तेथे ही कसोटी लागत नाही.

राइसवित्सने १८२७ मध्ये आत्महत्या केली. पुढे नियमांचे जंजाळ वाढले, खेळ रेंगाळू लागला, आणि १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनानीने कोष्टके व फासे बाजूस सारून सर्व निकाल अनुभवी पंचाच्या मतावर सोपविले. त्याची तक्रार खोटी नव्हती. तथापि त्याने दैव घालविले, असे आम्ही म्हणणार नाही. फाशाच्या बाजू तरी खेळणाऱ्यास मोजता येत होत्या; पंचाच्या मनाच्या बाजू कोण मोजणार? सैन्यांतून यानंतरही दोन्ही पद्धती चालू राहिल्या.